सप्रेम भे

बोलू का? नाही, आता बोलतोच. मी गिलास आहे. स्टीलचा, पाणी प्यायचा, साधा. गिलासानं भरायचं आणि रिकामं व्हायचं, मध्ये बोलायचं नाही, एवढं मला कळतं. पण मुकुंदवाडीतल्या ज्या दोन खोल्यांच्या घरात मी राहतो, तिथं माझ्यावर असा आळ आला की ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. मला ना कपाळ ना हात. म्हणून तुम्हाला सांगतोय, माझ्या वाटचा तुम्हीच लावा.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पत्रा होतो, कुणीतरी दाबलं, ओढलं, घासलं, मग चमकायला लागलो. नीट आठवतं ते शहागंजातलं भांड्यांचं दुकान. तिथं आम्ही एकात एक घुसून बसायचो. एका लग्नसराईत रूपालीचे मामा आले. भाचीला भांडी द्यायची होती. आम्हा सहाजणांना त्यांनी टिचकी मारून वाजवून पाहिलं, अन् दुकानदाराला म्हणाले, एकावर तरी नाव टाकून द्या, पोरीला आठवण राहील.

नाव टाकणारा बाबा मशीन माझ्या अंगावर टेकवून शेजारच्याशी गप्पा मारत होता. घर्र घर्र करत काठाखालून गोल टाकत गेला, 'चि. रूपालीस मामाकडून सप्रेम भे', आणि बघतो तर 'चि.' समोर येऊन उभा. 'ट'ला जागाच उरली नाही. त्यानं फुंकर मारली अन् मला पिशवीत घातलं. माणसांच्या घाईचा हा माझा पहिला अनुभव. पुढं पुष्कळ आले.

रूपालीचा नवरा अभय. नव्या नवरीला चिडवायला त्यानं ते मोठ्यानं वाचलं. "बघ, मामानं प्रेमानं सांगितलंय, भे. नवऱ्याला भे म्हणतात."

"मी नाय भेत कुणाला," रूपाली म्हणाली. "मामालापण नाय."

अन् खरंच भेत नव्हती. सातवी शिकलेली पोरगी, पण बँकेत गेली तर रांगेत घुसणाऱ्याला मागं पाठवायची. पुढं सोनिया झाली. ती पोरगी पहिलं पाणी माझ्यातूनच प्याली, अर्धं पोटात, अर्धं फ्रॉकवर. माझ्या बुडाला जो पोचा आहे तो तिच्यामुळंच. मला जमिनीवर आपटून ती टाळ्या वाजवायची. तेव्हा राग यायचा. आता त्या पोच्यावर हात फिरला की बरं वाटतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे रूपालीची सासू, मालनबाई. रूपाली त्यांना आत्या म्हणते, इकडं सासूला तसंच म्हणतात. मालनबाई मनानं वाईट नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला त्यांचा राग येणार आहे. मलाही येत होता.

त्यांच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली म्हणजे सुई. सर्दी होवो, पाय दुखो, मन लागत नसो, मालनबाईंना सुई पाहिजे. आधी हे बिऱ्हाड बिडकीनच्या पुढच्या एका खेड्यात होतं. तिथं सायकलवर येणारा एक डॉक्टर होता, डॉक्टर म्हणायचे म्हणून डॉक्टर. एकच सिरिंज गरम पाण्यात बुडवायचा अन् अख्ख्या गल्लीला टोचत जायचा. गोळी देऊन सुई न देणाऱ्या डॉक्टरला मालनबाई आजही डॉक्टर मानत नाहीत. लग्नानंतर रूपालीला अशक्तपणा आला तेव्हा त्यांनी हौसेनं तिलाही त्याच सायकलवाल्याकडून सुया दिल्या होत्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. मालनबाईंचं माहेर सोयगावकडचं. लहानपणी त्या आईबरोबर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या. तहान लागली की मालकीण लांबून तांब्या उंच धरायची, अन् ह्या खाली बसून ओंजळ पुढं करायच्या. तांब्या हाताला लागू द्यायचा नाही. अर्धं पाणी कोपरावरून मातीत जायचं. दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला मेणबत्ती लावून झाली की त्या हे सोनियाला सांगायच्या, पोरीला कळो न कळो. शेवटी म्हणायच्या, "ओंजळ भरायची बाई, तहान नाय जायची."

तर मागच्या जयंतीला वस्तीत रक्तदान शिबिर होतं. रूपालीनं पहिल्यांदाच रक्त दिलं. तिथं मिळालेला बिस्किटाचा पुडा घरी येऊन सोनियाला दिला अन् माझ्यातून सरबत प्याली. लई खूश होती. थोड्या दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, जरा येऊन भेटा. तिथून तिला घाटीत, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तपासलं. हिपॅटायटीस सी निघाला.

घरी आल्यावर मालनबाईंनी विचारलं, ते मराठीत काय असतं? रूपालीच्या कानावर कुणाकडून तरी पडलं होतं, ते तिनं सांगून टाकलं. काविळीतलाच एक प्रकार हाय म्हणे.

झालं. त्या एका शब्दानं घात केला. हिपॅटायटीस म्हणाली असती तर मालनबाई गप्प बसून कुणाला तरी विचारत्या. कावीळ म्हटल्यावर विचारायचं काय? कावीळ सगळ्यांना माहीत असते. घाण पाण्यानं होते, उष्ट्यानं लागते, डोळे पिवळे होतात, उसाचा रस पाजला की उतरते. रोज सकाळी त्या रूपालीला दारात उजेडात उभी करून डोळ्याची पापणी खाली ओढायच्या. डोळे पांढरेच्या पांढरे. तरी म्हणायच्या, आत लपली असंल.

त्याच संध्याकाळी रूपालीचं ताट, वाटी अन् मी, तिघांना मांडणीवरून खाली काढलं. माझ्यावर नाव होतं ना, ओळखायला सोपा. माझे पाचही भाऊ मांडणीत पालथे पडून राहिले, अन् माझी रवानगी मोरीच्या खिडकीत. एका बाजूला फिनेलची बाटली, दुसऱ्या बाजूला कपड्याचा साबण. सोनियानं सवयीनं मला उचललं तर तिच्या हातावर चापट बसली. आयुष्यात पहिल्यांदा. पोरगी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

आता माझा वैताग ऐका. घाटीत सरिता मॅडम म्हणून एक बाई आहेत, पेशंटला समजावून सांगायचं त्यांचं काम. त्यांनी रूपालीला नीट सांगितलं होतं. हा आजार रक्तातून रक्तात जातो. ताटानं नाही, गिलासानं नाही, मांडीवर घेतल्यानं नाही, एकत्र जेवल्यानं नाही. वेगळं ठेवायचंच तर नेलकटर ठेवा, ब्लेड ठेवा, दात घासायचा ब्रश ठेवा. तीन महिने गोळ्या घ्यायच्या, बहुतेकांचा आजार पुरता जातो. गोळ्या सरकारी, फुकट. अन् घरातल्या सगळ्यांनी एकदा रक्त तपासून घ्या.

रूपालीनं घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. मालनबाईंनी ऐकून घेतलं अन् म्हणाल्या, "कावीळ तं कावीळच असती. एबीशीडी काय लावली तिला."

"आत्या, ही उष्ट्यानं नाय होत. मॅडमनं सांगितलं."

"भांडी सोडून द्यायची अन् नेलकटर सांभाळायचं, असं कोणती मॅडम सांगती? तूच उलटं ऐकलं असंल."

आरशाखालच्या खिळ्याला घराचं नेलकटर लटकलेलं असायचं. माशाच्या आकाराचं, कुणीतरी जत्रेतून आणलेलं. घरातल्या सगळ्यांची नखं त्यानंच निघायची. शेजारीणसुद्धा मागून न्यायची. तो मासा आरशाखाली मानानं डुलत होता, अन् मी फिनेलजवळ. माझ्यात पाणी ओतताना मालनबाई तांब्या उंच धरायच्या, माझ्या काठाला लागू नये म्हणून. पाणी उडायचं, अर्धं खाली सांडायचं. मला वाटायचं ओरडावं, अहो बाई, माझ्यात काय आहे? मी रोज घासला जातो. त्या माशाला कुणी कधी घासलंय का?

अभयचं काय, म्हणाल. अभय चांगला माणूस, पण बिडकीनच्या बाजूच्या कंपनीत पाळी करून येतो अन् घरात दोन बाया दोन बाजूंनी बोलायला लागल्या की मोबाईल चार्जिंगला लावायला उठतो. एकदा रूपालीनं त्याला अडवून विचारलं, तर म्हणाला, "राहू दे ना थोडे दिवस. गिलासच तर हाय."

गिलासच तर! हे वाक्य मी विसरलेलो नाही. त्याच्याच आवाजात तो भांडीवाला मामाला म्हणाला असता, एक अक्षरच तर गेलंय.

गोळ्यांआधी अजून एक तपासणी व्हायची होती. रक्तात विषाणू किती आहे ते बघायची. तिचा कागद यायला वेळ लागला, अन् तेवढ्यात मालनबाईंनी डाव साधला. सुनेला एसटीत घालून आपल्या माहेरकडं घेऊन गेल्या. तिथं एक जण काविळीचं औषध देतो. त्यानं रूपालीच्या डोक्यावर कसल्या तरी काड्यांची माळ ठेवली. ती वाढत वाढत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणे. वरून पुड्या दिल्या. तेल नाही, मीठ नाही, नुसते फुटाणे अन् उसाचा रस. परत आल्यावर तो चिकट रस माझ्यात यायचा, माशा माझ्या काठावर बसायच्या. रूपाली पुडी खाऊन उलट्या करायची. बुद्धविहारात जाणारी आपण माणसं, माळेनं आजार जातो का, असं ती म्हणाली. तर मालनबाई म्हणाल्या, ते देवधर्म नाय, ते औषध हाय.

पुड्यांचं ऐकून सरिता मॅडमनं हात जोडले. म्हणाल्या, तुमचं लिव्हर आधीच दमलंय, त्याच्या डोक्यावर अजून ओझं कशाला देता. पुड्या मोरीत गेल्या, माझ्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी फिनेलसुद्धा मला बरं वाटलं.

मग गोळ्या सुरू झाल्या. रोज एक, ठरल्या वेळेला. ती गोळी गिळायचं पाणी माझ्यातूनच जायचं, अन् खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व वाटायचा. तिला थोडं डोकं दुखायचं, थकवा यायचा, पण गोळी चुकली नाही. अभय तपासून आला, नीट निघाला. सोनियाचंही रक्त घेतलं. तो कागद येईपर्यंत रूपाली अन्नाला नीट हात लावत नव्हती. पोरीला काही नव्हतं. रूपाली मोरीत येऊन नळ सोडून रडली. मी एकटाच साक्षीला होतो.

वाटलं, आता तरी पोरगी आईच्या मांडीवर जाईल. कसली जाते. मालनबाई म्हणाल्या, आज नाय म्हणून उद्या होऊ द्यायची का? सोनिया आजीजवळच जेवायची, आजीजवळच झोपायची. रूपालीनं भरवलेला घास पोरीच्या तोंडापर्यंत गेला तरी आजीचा हात मध्ये यायचा.

अन् सगळ्यांत वाईट सांगू? रूपालीच भ्यायला लागली. मॅडमचं तिला पटलेलं होतं, पाठ होतं. तरी सोनिया धावत येऊन गळ्यात पडायला गेली की तिचे हात आपोआप मागं जायचे. लोकांनी दहादा लांब बस म्हटलं की माणूस अकराव्यांदा स्वतःच लांब बसतं. माझ्या अंगावरचं ते अर्धं अक्षर मला तेव्हा फार टोचलं. मामानं भेट दिली होती. हिला नुसतं भे मिळालं.

एकदा भांडण मात्र झालं. रूपालीनं स्वतःपुरतं नवं नेलकटर आणून पेटीत कपड्यांखाली ठेवलं होतं. मालनबाईंना ते सापडलं. नवं, धारदार. त्यांनी दारात उन्हाला बसून त्यानं स्वतःची नखं काढली अन् सोनियाचा अंगठा धरला. रूपालीनं चुलीवरच्या तव्यावर भाकर टाकून पळत येऊन ते हातातून हिसकावलं.

मालनबाई थक्क झाल्या. मग रागावल्या. "तुझं नेलकटर आम्हाला चालत नाय, व्हय? मग त्याच्यावरपण मामाकडून नाव टाकून आण."

"आणते," रूपाली म्हणाली. "तुम्ही त्या गिलासाला भेता अन् ह्याला भेत नाय. उलटं करा आत्या, पाया पडते तुमच्या. माझी पोरगी हाय ती."

भाकर करपली. पुढं कैक दिवस मला मोरीच्या खिडकीतून दोघींच्या पाठी दिसायच्या, एक चुलीकडं, एक दाराकडं.

गोळ्या संपल्या. तरी लगेच सोडत नाहीत, थोडे महिने थांबून पुन्हा रक्त बघतात, खरंच गेला का. त्या थांबण्याच्या दिवसांत एका दुपारी सोनिया अंगणात भातुकली मांडून बसली होती. कापडाची बाहुली भिंतीशी बसवलेली. समोर माझ्यासारखाच, पण बोटाएवढा प्लास्टिकचा गिलास. मालनबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत होत्या.

सोनियानं खेळातला तांब्या उचलला. उभी राहिली. हात ताणून जेवढा उंच जाईल तेवढा उंच नेला, अन् वरून पाणी ओतलं. गिलास कलंडला, पाणी मातीत गेलं.

"लांब बस," ती बाहुलीला म्हणाली. "लागू देऊ नको."

मालनबाईंचा हात सुपात थांबला. पोरीनं पुन्हा तांब्या भरला, पुन्हा उंच धरला. आवाज मालनबाईंचा, मान वाकडी करणं मालनबाईंचं. पण त्यांना त्या क्षणी ती आपल्यासारखी दिसत नव्हती, हे मी त्यांच्या तोंडावरून सांगतो. त्यांना ती दुसऱ्याच कुणासारखी दिसत होती. रानातल्या, लांब उभ्या असलेल्या कुणासारखी.

त्या उठल्या. सूप तसंच राहिलं, चिमण्या येऊन बसल्या. मोरीत आल्या, मला खिडकीतून उचललं. तोटीखाली धरलं, काथ्यानं घासलं, जरा जास्तच घासलं. मग मांडणीत माझ्या पाच भावांच्या मधोमध पालथा घातला. ताट अन् वाटीही नेली. रात्री जेवताना सोनिया आईच्या मांडीवर जाऊन बसली, तर त्यांनी स्वतःच्या ताटातली भाजी तिकडं सरकवली, एवढंच.

रूपाली शेवटची तपासणी करायला निघाली, तेव्हा मालनबाईही लुगडं बदलून तयार. घाटीत पोचल्यावर सरिता मॅडमपुढं दंड उघडा करून बसल्या. मॅडम कितीदा तरी म्हणत होत्या, सासूबाईंना आणा. ह्या आजवर म्हणायच्या, मला काय धाड भरली.

रूपाली बरी निघाली. रक्तात विषाणू नाही. मॅडमनं तिला एक गोष्ट बजावली, कुठं शिबिरात साध्या पट्टीवर तपासलं तर आजाराची जुनी खूण पुढंही दिसेल, तेव्हा घाबरायचं नाही, हा कागद दाखवायचा. अन् पुन्हा कुणाची सुई वापरली तर पुन्हा होऊ शकतो, तेही सांगितलं.

मालनबाईंना आजार निघाला. पुढची तपासणीही तेच म्हणाली. कित्येक वर्षांपासून असणार. सायकलवाल्याच्या सिरिंजनं सुनेला दिला, का सासूला, का दोघींना, का एकीचा दुसरीला त्या माशानं नेला, ते आता कोण सांगणार? सायकलवालाही राहिला नाही.

तो कागद हातात पडला त्या दिवशी दोघी उन्हातून घरी आल्या. रूपाली आत आली. मालनबाई आल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर बसल्या, चप्पल पायातच. सोनिया आजी आजी करत पळाली, तर त्यांनी पदर आवळून घेतला. "लांब राहा माय," म्हणाल्या.

रूपालीनं पाणी आणलं. तिनं हाताला आला तो गिलास उचलला होता, तो मी होतो.

मालनबाईंनी वर पाहिलं नाही. दोन्ही हात जोडून पुढं केले, ओंजळ करून. इतक्या वर्षांनी ओंजळ तशीच झाली, बोटांना बोटं लावून, फट न ठेवता.

"वरून टाक," म्हणाल्या.

रूपाली पायरीवर त्यांच्या शेजारी बसली, मांडीला मांडी लावून, अन् मला तसाच, भरलेला, त्या ओंजळीत ठेवला.

"धरा नीट. सांडंल."

मालनबाईंनी मला तोंडाला लावलं. पहिला घोट नुसता ओठांना लागला. मग त्या गटागटा प्याल्या, थेंब न सांडता. मोकळा झालो तेव्हा त्यांचा अंगठा माझ्या 'भे'वर होता.

"अजून पाहिजे का?" रूपालीनं विचारलं.

"दे," मालनबाई म्हणाल्या. "लई तहान लागली होती."

आता त्यांच्या गोळ्या चालू आहेत. सुई का देत नाहीत म्हणून मॅडमशी हुज्जत घालतात, ती खोड जायची नाही. मासा खिळ्यावरून उतरला, घरात प्रत्येकाचं नेलकटर वेगळं आहे. शेजारीण मागायला आली तर मालनबाई तिलाच रक्त तपासायला पिटाळतात. तिनं कावीळ म्हटलं की यांचं सुरू होतं, "कोणती? ए का बी का शी? आधी ते विचारून ये."

माझं म्हणाल तर मी मांडणीत आहे, सहातला एक. पालथा असलो की मीसुद्धा ओळखू येत नाही. तुमच्या घरातही कुणाच्या तरी आजाराच्या नावानं एखादा गिलास खिडकीत बसला असेल. जा, त्याला आत घ्या. अन् सुया, ब्लेडं कोण कुणाची वापरतं ते एकदा डोळे उघडून बघा, आम्हा भांड्यांच्या मागं लागू नका. सोनिया आली. तिला पाणी पाहिजे. तिच्या हाताला आमच्यातला कोण येतो, बघू.